झाशीला, शैलाताईला विचारायला

नाशिकहून गाडी सुटली तेव्हा माझ्या स्तनातली गाठ कर्करोगाची आहे हे कळून आठवडाही झाला नव्हता. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले होते. फक्त गाठ काढून नंतर किरणोपचार घ्यायचे, किंवा पूर्ण स्तन काढायचा. तुमच्या बाबतीत दोन्हींचा गुण जवळपास सारखाच येईल, विचार करून सांगा, म्हणाले. मला विचार नकोच होता. सगळं काढून मोकळं व्हायचं होतं. पण आधी शैलाताईला भेटावंसं वाटलं. माझ्या या मावसबहिणीनं दोन वर्षांपूर्वी तेच केलं होतं.

झाशीला उतरले तर भाऊजी मला एका फलाटावर शोधत होते आणि मी दुसऱ्यावर उभी. नगरा भागातल्या घरी ताईनं गक्कड (गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले कणकेचे जाड गोळे) आणि वांग्याचं भरीत करून ठेवलं होतं. लग्न होऊन इथे आल्यापासून तिच्या मराठीत हिंदी मुरली आहे. "आधी जेव, मग बतियाऊ," म्हणाली.

संध्याकाळी आम्ही खंडेराव गेटपाशी कापडाच्या दुकानात गेलो. "भैया, और मुलायम दिखाइए," म्हणत तिनं मलमल निवडली. ब्लाउजच्या आत बसवायची गादी ती घरीच शिवते. काखेतल्या गाठी काढल्यापासून तिचा डावा हात सुजतो, म्हणून पिशवी मी घेतली.

घरी आल्यावर तिनं खोलीचं दार लावलं आणि बघायचंय का विचारलं. मी मान हलवली. छातीवर एक तिरपी, फिकट रेघ होती. माझा हात धरून तिनं तिथे ठेवला. त्वचा उबदार होती. मला रडू आलं, तर तीच माझी पाठ थोपटत राहिली.

मग तिनं सगळं सांगितलं. तिचा इलाज ग्वाल्हेरला चालू होता. नुसती गाठ काढली असती तर सिकाईसाठी (किरणोपचारांसाठी) कित्येक आठवडे रोज तिथे जावं लागलं असतं, आणि घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पश्चात्ताप नाही, म्हणाली. अंघोळ करताना कधीकधी वाईट वाटतं, एवढंच.

"तुझ्या घरी कोण अंथरुणाला आहे?"

"कोणी नाही."

"आणि सिकाई कुठे घ्यायची?"

"घराजवळच."

"मग घाई कशाची आहे तुला?"

"भीती वाटते, ताई."

"वाटणारच. पण डॉक्टरांना ते सांग. सगळं समजून घे, मग काय ते ठरव. तेव्हाही काढावंसं वाटलं तर काढ."

परतल्यावर मी डॉक्टरांसमोर पुष्कळ वेळ बसले, जे जे कळत नव्हतं ते विचारलं आणि फक्त गाठ काढून घेतली. सध्या किरणोपचार चालू आहेत. थकवा येतो, पण झोप लागते. झाशीत काय पाहिलंस, असं मैत्रिणी विचारतात. किल्ला लांबूनच पाहिला, सांगते. ताईला मात्र जवळून पाहिलं.