लॉबीतले पाहुणे

हाडाचा यजमान म्हणावा असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमकं त्याच्याच बेसमेंटमध्ये भाड्याने राहायची पाळी माझ्यावर आली. मंदीच्या त्या वर्षांत कॅनडातल्या मिसिसागात मला खोली द्यायला कुणी धजत नव्हतं. घरमालक काकांनी मात्र दार उघडून नुसतं "या, साहेब" म्हटलं. मी नववीत शाळा सोडलेला, विमानतळाजवळच्या वेअरहाउसमध्ये खोकी उचलणारा. साहेब ऐकून मी मागे वळून पाहिलं, माझ्यामागे कोण उभं आहे म्हणून. बर्फ पडला की मी बूट चढवायच्या आत काका माझ्या दारापर्यंतची वाट शोव्हल करून मोकळे. मी ओशाळून फावडं ओढायला गेलो की दटावत, "सोडा, साहेब, पाहुण्याने हात लावायचा नसतो." पलंगावर रोज धुतलेला टॉवेल, त्याच्या घड्या घालून हंस केलेला. तो मोडायचा धीर होईना, म्हणून मी कितीदा तरी जुन्या शर्टाने अंग पुसलं आहे.

हे वेड त्यांनी एका हॉटेलातून आणलं होतं. तरुणपणी ते अशा देशाच्या राजधानीत नोकरीला होते, जिथे बाहेरच्याला आत आणि आतल्याला बाहेर सहसा सोडत नसत. त्या देशाचं नाव ते मिसिसागाच्या बसमध्येसुद्धा दबक्या आवाजात घेत. शहर अंधारात असलं तरी हॉटेल झगमगायचं. संगमरवरी जिने, हत्तीएवढी झुंबरं, माथ्यावर गोल फिरणारं रेस्टॉरंट. नव्हते ते फक्त पाहुणे. म्हणून काका संध्याकाळी रिकाम्या खोल्यांतून दिवे लावत फिरायचे, आणि परदेशी शिष्टमंडळ येणार असलं की माळ्यांना, भांडी घासणाऱ्यांना कोट चढवून लॉबीत पाहुणे म्हणून बसवायचे. "अवघड काही नसतं, साहेब," ते मला सांगत. "फक्त कुणीही आलं तरी उठायचं नाही. उठला की नोकर ठरला."

काकू गेल्यावर मिसिसागातल्या रिकाम्या खोल्यांतही रोज दिवे लागत. तासाभरावरच्या किचनर शहरात राहणारी त्यांची मुलगी, ताई, फोनवर चिडायची, "बाबा, एवढ्या घरात एकटे काय करता? घर विकायला लिस्ट करू या, इकडे शिफ्ट व्हा." काकांना घर सोडायचं नव्हतं. आपल्याकडे सारखी माणसांची वर्दळ असते, असं त्यांनी ठोकून दिलं. ताई स्वतः बघायला निघाल्या, तेव्हा काकांनी मला आणि वेअरहाउसमधल्या दोन पंजाबी मित्रांना आपले कोट घालून ड्रॉइंगरूममध्ये बसवलं. मी म्हणे बुद्धिबळ खेळायला येणारा इंजिनिअर. घोडा कसा चालतो तेही मला ठाऊक नव्हतं.

ताई आल्या, दोन्ही हातांत ग्रोसरी. मित्र झकास बसून राहिले. पण शिकलेलं माणूस दारात दिसलं की माझे पाय आपोआप सरळ होतात. मी उठलो, पिशव्या घेतल्या, "बसा मॅडम" म्हणालो आणि वर टेबलावरचे कप गोळा करून सिंककडे निघालो. काकांच्या कोटातून वीतभर बाहेर आलेल्या माझ्या मनगटांकडे ताईंनी पाहिलं.

"बाबा, हे बेसमेंटमधले ना?"

हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हो," काका म्हणाले. "चहा चांगला झालाय. घेतेस?"

उन्हाळ्यात घर विकलं गेलं. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. शेवटच्या दिवशीही पलंगावर हंस होता.

परवा किचनरला त्यांना भेटायला गेलो. नातवंडं "हाय" करून वर पळाली. काका सोफ्याच्या कडेला ताठ बसले होते, अंगात इस्त्रीचा कोट, मांडीवर न उघडलेलं वर्तमानपत्र. स्वयंपाकघरातून ताईंनी डोकावून विचारलं, "चहा घेणार ना?" माझे पाय सरळ होऊ लागले. काकांनी हळूच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बसा, साहेब," ते पुटपुटले. "इथे मलाही उठू देत नाहीत."

मग आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. बाहेर अंधारून आलं. समोरच्या खोलीत दिवा नव्हता. काकांचा हात एकदा सोफ्याच्या कडेपर्यंत गेला, आणि परत येऊन वर्तमानपत्रावर निमूट पडून राहिला.