जजबाईंची काकू

सत्तरी ओलांडलेली ती गोरी बाई पहिल्याच भेटीत मला "काकू" म्हणाली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जेमतेम पन्नाशीची! माझ्या लेकीचे, मुग्धाचे मित्र मला काकू म्हणतात हे ऐकून, तेच माझं नाव असणार असा निकाल तिने देऊन टाकला होता. सुधारायला गेले, तर मुग्धाने डोळे वटारले.

बाई म्हणजे बॉस्टनच्या फेडरल अपील कोर्टातल्या न्यायाधीश. मुग्धा कायदा शिकून २००५ साली त्यांच्याकडे क्लार्क म्हणून लागली. क्लार्क म्हणजे कारकून नव्हे, जजला निकालात मदत करणारी वकील. हे आमच्या श्रूजबरी गावातल्या निम्म्या मराठी मंडळींना मीच समजावलंय. जजबाई मेन राज्यातल्या एका मासेमाराची मुलगी, लॉ स्कूलच्या वर्गात एकटी बाई, आणि पुढे थेट अपील कोर्टात. कर्तबगार होती, नाही कशाला म्हणू?

पण मग आमच्या घरात तिचाच जप सुरू झाला. "आई, जज नेहमी खालच्या कोर्टात हरलेल्याचं म्हणणं आधी वाचतात. अपील तोच करतो ना!" "जज प्रत्येक ऑर्डर मोठ्याने वाचून बघतात. जीभ अडखळली की ते वाक्य कॅन्सल." लहानपणी मी मोठ्याने वाच म्हणायचे, तेव्हा कार्टी "आई, प्लीज!" म्हणून दार लावून घ्यायची. मला हेवा वाटायचा, सरळ हेवा.

मुग्धाने पुढे नोकरी बदलली, तरी शनिवार जजबाईंचाच. मला मात्र रोज संध्याकाळी फोन. तेवढ्यापुरती मी जिंकले होते. एकदा न राहवून विचारलं, "जजबाईंनाही रोज करतेस का गं फोन?"

"नाही गं. उलट त्याच मला रोज ईमेल करतात, 'काकूला कॉल केलास?' म्हणून. मग मी करते."

म्हणजे माझी जीतही तिनेच दिलेली! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

२००८च्या हिवाळ्यात जजबाई गेल्या. शोकसभेत मुग्धा इतकं सुंदर बोलली, की मी गेल्यावर तरी असं बोलेल का, हाच विचार माझ्या मनात. घरी येताना मात्र वेगळीच काळजी लागली. आता फोनची आठवण कोण करून देणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोळ्या लाटत होते, कान फोनकडे. वाजला. पिठाच्या हातानेच उचलला.

"काकूऽ," मुग्धा अगदी जजबाईंच्या सुरात म्हणाली, आणि रडायलाच लागली.

मी गॅस बंद केला. "रड गं. आज तू हरलीस ना, आधी तुझं ऐकते."

बोलून गेल्यावर लक्षात आलं, हेही वाक्य त्या मेलीचंच.