चादरीचं दुसरं टोक

धुलाई कारखान्यात त्यांना सगळे घडीमावशी म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण त्या नावाने कोणी हाक मारली असती तर ही कोण नवीन बाई आली म्हणून त्यांनीच मागे वळून पाहिलं असतं. चार इस्पितळांच्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे डगले इथे धुवायला यायचे. खालच्या मजल्यावर अवाढव्य यंत्रं गरगरत असायची. वरच्या मजल्यावर वाफेच्या रोलरमधून चादरी कोऱ्या कागदासारख्या सपाट होऊन बाहेर पडायच्या. आणि शेवटच्या लांबलचक दालनात माणसं जोडीजोडीने समोरासमोर उभी राहून त्यांच्या घड्या घालायची. एक झटका, एक दुमड, दोन पावलं पुढे, टोकाला टोक, पुन्हा मागे. या दालनावर तेवीस वर्षं मावशींचं राज्य होतं.

माणसं घ्यायची त्यांची एकच रीत. आलेल्या बाईच्या हातात चादरीचं टोक द्यायचं, दुसरं आपण घ्यायचं आणि म्हणायचं, "धर." तीन चादरींत निकाल. कोणी रस्सीखेच असल्यासारखी ओढायची, कोणी टोक धरून खिडकीबाहेर बघत बसायची. एखादीच अशी निघायची, जिचे डोळे समोरच्या हातांवर असायचे. ती दुसऱ्या दिवसापासून कामाला.

"यात शास्त्र काय, मावशी?" मॅनेजरसाहेबांनी एकदा विचारलं होतं.

"शास्त्र कसलं, साहेब? आठ तास तिच्यासमोर मलाच उभं राहायचंय."

मग मुख्य कचेरीने माणसं निवडायचं काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवलं. अर्ज मोबाईलवर भरायचा, कॅमेऱ्यात बघून सहा प्रश्नांची उत्तरं द्यायची, प्रत्येक उत्तराला एक मिनिट. शेवटी शंभरपैकी गुण. सत्तरच्या वर गेलात, तर सोमवारी हजर व्हा म्हणून निरोप.

सगळ्यांना वाटलं, आता मावशी रुसणार. मावशी उलट हरखल्या. नणंदेच्या जावेची भाची, शेजारणीची वहिनी, वहिनीची मैत्रीण, सगळ्यांच्या शिफारशी ऐकून त्यांचे कान किटले होते.

"आता सरळ सांगेन, माझ्या हातात काही नाही, त्या कॉम्प्युटरच्या पाया पडा," त्या घरी नवऱ्याला म्हणाल्या.

"म्हणजे सत्ता गेली तुझी," नवरा पेपरमागून म्हणाला.

"गेली. सोबत डोकेदुखी घेऊन गेली."

पहिल्याच खेपेत कॉम्प्युटरने पाठवला एक उंच दाढीवाला. मावशींनी कपाळावर हात मारला. दालनात त्यांनी आजवर एकही पुरुष घेतला नव्हता. पुरुषाची घडी म्हणजे बोळा करायचा आणि त्यावर बसायचं, हे त्यांचं ठाम मत होतं.

"मावशी, वीस वर्षं केस कापायचं दुकान होतं माझं," दाढीवाला म्हणाला. "कापड झटकण्यातच हयात गेलीय." आणि त्याने चादरीला असा झटका दिला की सुरकुत्या घाबरून पळाल्या. त्याचं तोंडही हातांइतकंच चालायचं. दुपारपर्यंत सगळं दालन हसत होतं.

त्या संध्याकाळी घरी जेवताना मावशी म्हणाल्या, "चुकलंच हो माझं. असे किती जण मी दारातूनच परत पाठवले असतील."

पण दाढीवाल्यामागून जे आले, त्यांनी मात्र दालनाची लय घालवली. मुलंमुली चुणचुणीत होती, वाईट कोणीच नव्हतं. बोलायला तर सगळे एक नंबर.

"मी सांगते तशी धर."

"का? तू धर ना मी सांगतो तशी!"

"चादरीच्या दोन टोकांना दोन पुढारी बसवलेत," दाढीवाला म्हणाला. "अधिवेशन चाललंय, घडी पडायची नाही."

खरंच पडेना. एका इस्पितळाने दोन गाड्या भरून चादरी परत पाठवल्या. घड्या इतक्या वेड्यावाकड्या होत्या की कपाटात मावेनात. तीन महिन्यांत नव्यांपैकी पाच जण काम सोडून गेले आणि एकानेही तोंडाने सांगितलं नाही. त्यातली एक मुलगी मावशींना भाजीच्या दुकानात भेटली.

"अगं, जाताना सांगून तरी जायचंस!"

"कोणाला सांगणार, मावशी?" मुलगी ओशाळून म्हणाली. "तुम्ही घेतलेल्यांना वाटतं, सोडलं तर मावशींना काय वाटेल. मला मोबाईलने घेतलं. मोबाईलला काय वाटायचंय? आणि खरं सांगू, इतकी वाफ आणि इतका आवाज असतो, हे मला पहिल्या दिवशी आत आल्यावरच कळलं."

मावशी हसल्या, पण ते बोलणं त्यांच्या मनातून जाईना.

पुढच्याच मंगळवारी दारावरचा पहारेकरी एका बाईला घेऊन वर आला. तिशीची, डोक्याला रुमाल बांधलेला. "किती सांगितलं, ऐकतच नाही," तो म्हणाला. तिला एकतीस गुण पडले होते आणि निवड झाली नसल्याचा निरोपही मिळाला होता. का, ते तिने तोंड उघडल्याबरोबर कळलं. ती अडखळत बोलायची. पहिला शब्द सुटेसुटेपर्यंत कॅमेऱ्याचं एक मिनिट संपून जायचं.

"मी... फुलांच्या रोपवाटिकेत... जुड्या बांधायचे," ती म्हणाली. वाक्य पुरं व्हायला वेळ लागला, पण तिने ते सोडलं नाही. "एकदा... हात बघा माझे."

साहेब तिथेच उभे होते. "मावशी, नियम आहे. कमी गुणांच्या माणसाला घेता येत नाही."

"घेतंय कोण? चादर धरायला नियम लागतो का?" मावशींनी टोक पुढे केलं. "धर."

सहा चादरी झाल्या. सातवीला आजूबाजूच्या जोड्या हात थांबवून बघायला लागल्या. मावशींच्या मनात दुमड यायच्या आत ती समोर पडलेली असायची.

"साहेब, आता तुम्ही या," मावशी म्हणाल्या.

"मी?"

"घाबरता कशाला? चावत नाही चादर."

साहेबांनी आधी मावशींसोबत एक घडी घातली. त्यात त्यांचा टाय अडकला आणि सोडवायला दोघींची मदत लागली. मग ती बाई समोर आली. पहिली चादर तिरकी गेली, दुसरी जरा बरी आली. तिसरी अशी चपखल बसली की साहेब लहान मुलासारखे ओरडले, "अरे! मला येतं की!"

"तुम्हाला नाही येत, साहेब," दाढीवाला म्हणाला. "ती तुम्हाला सांभाळून घेतेय."

सगळ्यांना हसू फुटलं. साहेबही हसले, मग एकदम गंभीर झाले, आणि केबिनमध्ये जाऊन त्यांनी मुख्य कचेरीला पत्र लिहायला घेतलं.

आठवड्याभरात ती प्रणाली बसवणाऱ्या कंपनीतली तरुण इंजिनीअर लॅपटॉप घेऊन आली. मावशी भांडतील अशा तयारीनेच आली होती बिचारी.

"तुझ्या कॉम्प्युटरचा काही दोष नाही, बाळ," मावशी म्हणाल्या. "बाजारात पाठवताना गोड असेल ते आण म्हटलं, तर तो मीठ कशाला आणेल? त्याला काय आणायला सांगितलं होतं?"

इंजिनीअरने यादी वाचली. "आत्मविश्वास, पुढाकार, नेतृत्व. कचेरीने यावर खुणा केल्या होत्या."

"त्यांच्यातल्या कोणी कधी चादरीची घडी घातलीय?"

इंजिनीअरने लॅपटॉप मिटला आणि चादरीचं एक टोक हातात घेतलं. दुपारी जाताना तिचे खांदे दुखत होते आणि तिची अर्धी यादी खोडलेली होती.

एका मिनिटाची अट उठली. कॉम्प्युटर आता फक्त अर्ज क्रमाने लावतो आणि वेळा ठरवतो. गुणांवरून कोणाला घरी बसवत नाही. येईल त्याने अर्धा दिवस दालनात काढायचा. त्याला वाफ आणि आवाज कळतो, दालनाला तो माणूस कळतो. शेवटची अट मावशींनी स्वतः घातली. निवड त्यांनी एकटीने करायची नाही, दाढीवाल्याने सोबत बसायचं.

"मी काय कमी हट्टी आहे? पुरुषांना तेवीस वर्षं बाहेरच ठेवलं मी. माझ्यावरही कोणाचं तरी लक्ष हवं."

रुमालवाली आता नव्यांना शिकवते. शिकवताना फारसं बोलावं लागत नाही, म्हणून नवेही खूश. परवा चहाच्या सुट्टीत ती म्हणाली, मला एक विनोद सांगायचाय. सगळे कप घेऊन भोवती बसले. विनोद संपायला चांगली चार मिनिटं लागली. मधे कोणी तिचा शब्द पुरा केला नाही, कोणी घड्याळ बघितलं नाही. विनोद तसा बेताचाच होता. पण दाढीवाला इतका हसला की त्याचा चहा मावशींच्या अंगावर सांडला, आणि डाग काढायला कोण खाली जाणार यावर पुढची दहा मिनिटं गेली.