अर्धा बांगडा

माझ्या मुलीला सासर मिळालं घाटावर, राधानगरीच्या पुढे, उसाच्या गावात. माणसं उत्तम. मटण तर असं करतात की जेवून उठवत नाही. पण व्याह्यांना माशाचा वास सहन होत नाही, म्हणून मासा त्या घरात उंबऱ्याच्या आत येत नाही. मालवणात जन्मलेली, पेजेच्या आधी बांगडा खायला शिकलेली माझी मुलगी लग्नाला दीड वर्ष झालं तरी माहेरी आल्याशिवाय माशाचं तोंड बघत नव्हती. फोनवर विचारलं की म्हणायची, "बरी आसंय." त्यावर बायको म्हणायची की बरी असती तर एवढ्यात फोन ठेवला नसता.

लग्नात मांडवाच्या कडेला माझी मोटारसायकल उभी होती. मुलीच्या जन्माआधी घेतलेली, तिला शाळेत सोडून सोडून जुनी झालेली. व्याह्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि भर मांडवात सांगितलं, "पाव्हणं, ही गाडी घाट चढून माझ्या दारात आली, तर मी मासं खाईन. आणि माझ्याच सैपाकघरात शिजवून खाईन!" मांडव हसला. मुलगीही हसली, पण हसता हसता तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तिथेच ठरवलं, गाडी घाट चढणार.

गाडीचं मत वेगळं होतं. मिस्त्रीने इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, "कणकवलीपर्यंत सोन्यासारखी जातली. फोंड्यापर्यंत देवाच्या कृपेन. घाटात मात्र तुमकाच ढकलूची लागतली." इंजिन खोललं तर परत जुळेल याची खात्री तो देईना. मग माझ्या होडीवाल्या मित्राने तोडगा काढला. त्याचा मासळीचा टेंपो आहे. गाडी टेंपोत घालायची, घाट चढवायची, गावाच्या अलीकडे उतरवायची आणि मी ऐटीत दारात जायचं. संशय नको म्हणून बरोबर आणखी दोघे मित्र आपापल्या गाड्यांवर. एक पोस्टातून निवृत्त झालेला, आवाजाने खणखणीत. दुसरा वेंगुर्ल्याचा काजूवाला, ज्याने नुकतीच भली मोठी गाडी घेतली होती आणि तिच्याबरोबर चामड्याचं जाकीट. मालवणच्या उकाड्यात ते घालून तो घामाने निथळत बसायचा, पण काढायचा नाही.

राईड ठरवायला आम्ही व्हॉट्सअॅपवर ग्रुप केला आणि सगळं बोलणं माझ्या पडवीत बसून केलं. सोमवार नको, कारण दोघांचा उपासाचा वार, वाटेत जेवायचं काय? मंगळवारी पोस्टातल्याला घाट चढायला बरं वाटेना. बुधवारी काजूवाल्याचा कारखाना आडवा आला, गुरुवारी होडीवाल्याचा उपास. शुक्रवार बायकोने आतून ओरडून ठरवला. नियम मी केले. कोणी पुढे पळायचं नाही, वळणावर थांबून मागचा दिसला की मगच निघायचं. सगळ्यांनी माना हलवल्या, आणि आमच्याकडे मान हलवली की नियम पाळून झाला.

निघायच्या सकाळी नारळ ठेवून गाऱ्हाणं. आमच्याकडे हे हेल्मेटच्या आधी येतं. एकाने देवाला सगळं खरं सांगायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. पोस्टातल्याने छाती भरून सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां गाडये घेवन घाट चढूक निघाली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"खंय पंक्चर झाला, खंय वळणार एसटी आडवी इली, तर ता तुया बघून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ही म्हातारी गाडी आमी टेंपोत घालून नेतव, ता हेच्या व्याह्याक कळा नये, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यातला एक होकार शेजारच्या खिडकीतून आला. गुपित वाडीभर झालं. मी पोस्टातल्याला डोळ्यांनी खायला उठलो, तर तो म्हणाला, "देवाकडे काय लपवतंस, मेल्या?" बायको आत गेली आणि थर्माकोलची पेटी घेऊन आली. बर्फात बांगडे, वर पिशवीत कोकमाची सोलं आणि कालवणात घालायची तिरफळं. "गाडी पोचली तर शिजवूक नको?" एवढंच म्हणाली.

आता गाडी बांधायची. मी मोबाईलवर सगळं बघून ठेवलं होतं. पुढचं चाक टेंपोच्या पुढच्या फळीला टेकवायचं, साईड स्टँड वर घ्यायचा, चारी बाजूंनी पट्टे लावायचे, आणि पुढची स्प्रिंग दबेपर्यंत ते आवळायचे, म्हणजे खड्ड्यात गाडी उडत नाही. पट्टेही आणले होते. होडीवाल्याने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"व्हडी कधी आवळून बांधतत? भरती इली की दोरी तुटता. ढील ठेवची लागता."

"टेंपोत भरती खंयसून येतली?"

"माझी व्हडी कधी सुटली?"

त्याने गाडी साईड स्टँडवर उभी केली, होडीच्या दोराने सुरेख गाठी मारल्या आणि प्रत्येक दोराला ऐसपैस ढील दिली. बांगड्यांची पेटी गाडीच्या शेजारी ठेवली.

मी टेंपोत पुढे बसलो, हेल्मेट घालून. राईडला आलो होतो, कसं काढणार? फोंड्याला चहाला थांबलो तेव्हा चहावाल्याने माझ्या हेल्मेटकडे बघितलं, मग होडीवाल्याकडे बघितलं आणि विचारलं, "इतको वायट चलवतंस?" काजूवाला आमच्या आधीच पोचून भजी संपवून बसला होता. नियम त्याने कसालच्या आतच मोडला होता.

घाट सुरू झाला आणि मागे भरती-ओहोटी सुरू झाली. डाव्या वळणाला गाडी उजवीकडे जाई, उजव्या वळणाला डावीकडे. मी ओरडत होतो, होडीवाला म्हणत होता, "दोर धरता, भियां नको." मग एका वळणावर असा आवाज झाला की मागून येणाऱ्या पोस्टातल्याने तिथेच ब्रेक मारून देवाला हाक मारली.

जागा बघून थांबलो. गाडी आडवी पडली होती, थेट पेटीवर. पेटीचा चुरा झाला होता. बर्फाचं पाणी सीटमध्ये मुरलं होतं, हँडल वाकडं झालं होतं, आणि हेडलाईटच्या मागे एक बांगडा अडकून आमच्याकडे बघत होता. मी होडीवाल्याला तोंडाला येईल ते बोललो. तो शांतपणे दोर तपासत होता. "गाठ सुटाक नाय," तो म्हणाला. आणि खरंच, एकही गाठ सुटली नव्हती.

मग माझे पट्टे निघाले. गाडी सरळ केली, पोस्टातला तिच्यावर वजन टाकून बसला, स्प्रिंग दबली, आणि आम्ही पट्टे आवळले. थोडं पुढे जाऊन पुन्हा तपासले. गाडी जागची हलली नाही. होडीवाल्याने आपले दोर गुंडाळून ठेवले. शेवटी म्हणाला, "घाटार भरती नाय, ह्या माका कोणी सांगूक व्हया होता."

बांगडे गोळा केले, काजूवाल्याच्या गाडीवरच्या बर्फाच्या डब्यात घातले आणि डबा टेंपोत ठेवला. त्यातली त्याची थंड पेयं आम्ही तिथेच पिऊन टाकली. सीट पुसली, वास जाईना. काजूवाल्याने जाकिटातून सेंट काढून फवारला, तर बांगडा लग्नाला निघाल्यासारखा वास सुटला.

गावाच्या अलीकडे उसाच्या आडोशाला टेंपो ठेवला आणि गाडी उतरवली. हँडल डावीकडे धरलं की गाडी सरळ जात होती. अशा थाटात, हॉर्न दाबून, मी व्याह्यांच्या अंगणात शिरलो. मागे दोघे मित्र. सगळं घर बाहेर आलं. मुलगी दारात उभी होती, तोंडाला पदर लावून.

"आली की वो!" व्याही खरोखरच चकित झाले. त्यांनी लग्नातल्यासारखी गाडीभोवती फेरी मारली आणि सीटपाशी थांबले. नाक हललं.

"सूनबाई, हिकडं ये. ह्यो वास कसला?"

मुलगी आली. सीटवर वाकली आणि वाकलेलीच राहिली. पाठ हलायला लागली. मला वाटलं, हसतेय. ती हसत नव्हती.

"बांगड्याचा," ती म्हणाली, आणि सीटवरून नाक उचललं नाही.

व्याही तिच्याकडे बघत राहिले. मला भडभडून आलं होतं, पण व्याह्यांसमोर रडायचं नाही म्हणून मी वाकडं हँडल सरळ करत बसलो.

"दीड वर्षात एकदा तरी तोंडातनं काढायचं हुतंस की, पोरी," व्याही म्हणाले.

"तुम्हाला चालत नाही ना, मामंजी."

"माझं ऱ्हाऊ दे." मग ते माझ्याकडे वळले. "पाव्हणं, आपल्या चाकावर आलेल्या गाडीच्या सीटवर मासं निजत न्हाईत. टेंपो कुठं लपवलाय? जावा, मासं घिऊन या."

दुपारी त्या सैपाकघरात तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं झालं. मुलीने दोनदा भात घेतला आणि एकदाही मान वर केली नाही. व्याही पाटावर बसले, पण त्यांनी हिशोब सोडला नाही. "गाडी घाट टेंपोत चढली, दारात तेवढी चाकावर आली. मंजी पैज अर्धी. मी बी अर्धाच खाणार." मुलीने काटे काढून दिले. पहिला घास त्यांनी औषधासारखा गिळला. दुसरा चावला. तिसऱ्याला भात मागितला. अर्धा बांगडा संपला आणि ताटातल्या उरलेल्या अर्ध्याकडे ते कितीतरी वेळ बघत बसले.

"पाव्हणं," ते म्हणाले, "परतताना घाट उतारच हाय न्हवं? तवा तरी ही आपल्या चाकावर जाईल?"

"जाईल की," मी म्हटलं.

"मग ह्या अर्ध्याचं बी काटं काढ, पोरी."

तिने ते कधीच काढून ठेवले होते.