तळ्याकाठी आलेला मासा

तमाम खवय्यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, केनियातल्या समुद्राएवढ्या तळ्याच्या काठी उभं राहून मी चीनचा मासा विकत घेतला.

भाचीकडे गेलो होतो. पहिल्याच सकाळी तिने मला तिच्या नेहमीच्या मासेवालीकडे, अकिन्यीकडे नेलं. बाई बर्फातला मासा काढायची, त्यावर तळ्याचं पाणी शिंपडायची आणि "आत्ताच जाळ्यातून काढलाय!" असं ठणकावून सांगायची. मी खूश! तेवढ्यात टोपलीमागे चिनी अक्षरांचं खोकं दिसलं.

"हा एवढ्या लांबून पोहत आला का, विचार गं तिला," मी भाचीला म्हणालो.

भाचीने विचारताच अकिन्यी खळखळून हसली. "तळ्यातला परवडत नाही कुणाला. हा स्वस्त पडतो."

खोकं ज्या रस्त्याने आलं तो चिन्यांनीच बांधलेला. बर्फ बनवणारी वीज त्यांच्याच वीजकेंद्रातली, आणि अकिन्यीच्या हातातला फोनही त्यांचाच. सगळं चकचकीत, उपयोगाचं. तक्रारीला जागाच नव्हती, म्हणूनच की काय, मी तळ्याकडे वळून पाहिलं. काठावर होड्या पालथ्या पडल्या होत्या. एवढ्या पाण्यावर एकही माणूस नव्हता.

रस्त्यापलीकडे एक नवं दुकान रंगवणं चाललं होतं. मासा आणणारी कंपनीच पुढच्या महिन्यापासून तिथे स्वतः विकणार होती.

"मग तुझं काय?" भाचीने विचारलं.

सुरी पुसता पुसता अकिन्यी बोलून गेली, "पोरीला तिथेच चिकटवते. निदान तिला तरी दिवसभर खोटं बोलावं लागणार नाही!"