बर्फावरची फुगडी

जगात आजवर एकही निकाल बरोबर लागलेला नाही, असे माझ्या आत्याच्या थोरल्या दिरांचे ठाम मत होते. आणि ज्या एकमेव निकालाला त्यांनी बिनतक्रार मान्यता दिली होती, तो नेमका त्यांच्याविरुद्ध लागलेला होता. पलटणीत उभे आयुष्य काढून ते हवालदार म्हणूनच घरी परतले. गाव मात्र त्यांना आदराने सुभेदार म्हणे. तसे कोणी म्हटले, की ते भर रस्त्यात थांबून दुरुस्ती करत. "हवालदार. सुभेदारी मिळाली न्हाई. कवायतीत माझा डावा पाय अर्धी वीत मागं पडायचा. बरुबर निकाल हाय त्यो." एवढे बोलून ते पुढे निघत, आणि पुढच्या वळणावर दुसऱ्या कोणाच्या तरी निकालावरून भांडण सुरू होई.

त्यांना स्वस्थ बसलेले मी फारसे पाहिले नाही. जेवताना मुद्दा आठवला तर घास हातात धरून ते उठत आणि सोप्यात येरझारा घालत. रहिमतपूरच्या आसपास कोठेही कुस्तीचा फड असला, की सकाळपासून त्यांचे पाय तिकडे ओढ घेत. कुस्ती चितपट झाली, हलगी वाजली, लोकांनी मल्लाला खांद्यावर घेतले, तरी हे आखाड्यात रांगत असत. हरलेल्याचे दोन्ही खांदे मातीला लागले की एकच, हे ते मातीवरच्या खुणांवरून ठरवत. बैलगाड्यांच्या शर्यतीत ते धुरळा खाली बसेपर्यंत कोणाला चाकोरीवर पाय ठेवू देत नसत. कोरेगावच्या कोर्टात त्यांचा स्वतःचा एकही खटला नव्हता. तरी निकालाच्या तारखेला ते जात आणि हरलेल्या पक्षकाराबरोबर चालत परत येत. एकदा तर भावकीतल्या एका मुलीला पाहुण्यांनी नापसंत केले, तेव्हा हे तडक मुलाच्या घरी जाऊन ओसरीवर बसले. "नापसंत, ते कळलं. पण मार्क कशात कापलं? नाकात कापलं का रंगात? सैपाक बघितला न्हाई, मग त्याचं मार्क दिलं कुणी?" मुलाच्या बापाने चहा पुढे केला. यांनी कपाकडे पाहिलेसुद्धा नाही.

या साऱ्या अस्वस्थतेचे मूळ एका गोठलेल्या तळ्यात होते. दुसऱ्या महायुद्धात ते कैद होऊन इटलीतल्या छावणीत पडले. पुढे इटलीने हात टेकले, छावणीचे दरवाजे उघडे राहिले, आणि हे दोघा सोबत्यांसह डोंगर चढून स्वित्झर्लंडात उतरले. लढाईत नसलेल्या त्या देशाने त्यांना एका खेड्यात ठेवून घेतले. हिवाळ्यात तिथल्या तळ्यावर मुलींच्या स्पर्धा झाल्या. बुटांच्या तळाशी सुरीसारखे पाते लावून बर्फावर घसरण्याचा तो खेळ. गावात सांगताना आमचे हवालदार त्याला 'बर्फावरची फुगडी' म्हणत. दुसरा शब्द त्यांनी कधी शोधला नाही. त्या खेळात नुसते गिरक्या घेणे नसते, असे ते बजावून सांगत. आधी प्रत्येकीने पात्याने बर्फावर इंग्रजी आठाचा आकडा काढायचा आणि मग त्याच रेषेवरून पुन्हा, आणखी एकदा, असे जायचे. मग काळ्या डगल्यातले पंच वाकून त्या रेषा तपासतात. निळ्या झग्यातल्या एका मुलीने तीनदा आकडा काढला आणि तिन्ही रेषा मिळून एकच दिसत होती.

"क्येसाचा फरक न्हाई," हवालदार सांगत. "आन् पंच काय करत हुता? चष्म्यावर वाफ धरलेली, ती पुशीत हुता. पुसून हुईस्तवर दुसऱ्या पोरीनं त्यावरनं घसरून ठसा मोडला. पाचवा नंबर दिला गं तिला. पाचवा."

तेव्हा ते प्रेक्षकांतून उठले होते आणि "ओ पंच, ठसा बघा की," असे मराठीत ओरडले होते. पहारेकऱ्याने त्यांना हाताला धरून खाली बसवले. ती मुलगी रडली नाही. बोटांवर फुंकर घालत बुटांच्या नाड्या सोडत राहिली. तिचे नाव त्यांना कळले नाही. नाव नसलेल्या त्या मुलीचा पाचवा नंबर त्यांनी समुद्र ओलांडून घरी आणला. चावडीवर ते बोलायला उभे राहिले, की मागून कोणीतरी हळूच म्हणे, "गप ऱ्हावा रं, पाचवा नंबर आला."

मी सांगलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होते आणि सुट्टीला आत्याकडे जात असे. मला इंग्रजी येते, हे कळल्यापासून हवालदारकाकांचा माझ्यामागे एकच लकडा होता, की त्या पंचांना फेरतपासणीचा अर्ज लिहायचा. पत्ता विचारला, तर म्हणत, "पंच, बर्फाचं तळं, एवढं लिही. पोष्टमन काय झोपा काढत्यात व्हय तिकडं?" मी हसून उद्यावर टाकत असे. मला त्या वेळी दुसऱ्याच्या निकालात रस नव्हता. वडिलांनी मला शिकवताना एकच अट घातली होती: "पहिली येतेस तोवर शीक." या अटीने माझे भले झाले; पण पहिली येण्याची मला अशी सवय लागली, की जिथे अट लागू नव्हती तिथेही मी पहिलीच येऊ लागले.

त्या वर्षी नागपंचमीला देवळाच्या सभामंडपात मुलींच्या फुगड्यांची चढाओढ ठरली. मागच्या साली निकालावरून हवालदारकाकांनी इतका गोंधळ घातला होता, की बायकांनी या खेपेला त्यांनाच तिसरे पंच नेमले. उरलेल्या दोघी म्हणजे शाळेच्या मोठ्या बाई आणि एक डॉक्टरीणबाई. काकांनी पहाटे घरोघरच्या चुलींतली राख गोळा केली, वस्त्रगाळ केली आणि फरशीवर जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या जाडीने पसरली. प्रत्येक जोडीनंतर ते गुडघ्यांवर बसून सुतळीने ठसा मोजत आणि मग पुन्हा राख पसरत.

"भावजी, पोरींचं पाय बघताय का राख?" आत्या म्हणाली.

"पाय खोटं बोलत्यात. राख बोलत न्हाई."

मी आणि माझी आतेबहीण शेवंता या चढाओढीत उतरलो होतो. मी तयारी शास्त्रशुद्ध केली होती. गुळाच्या वखारीतल्या काट्यावर दोघींची वजने करून घेतली, शेवंता सहा शेरांनी जड निघाली, त्यावरून कोणी किती मागे झुकायचे याचा हिशेब मांडला आणि आठ दिवस परसात तिला घुमवली. "आगं, फुगडी घालायची का गणित?" ती विचारी. "दोन्ही एकच आहे," असे माझे उत्तर असे.

आमची फुगडी उत्तम झाली. टाळ्या पडल्या. शेवटी दोन सख्ख्या बहिणी उठल्या. माणदेशात पाऊस लांबला म्हणून एक मेंढपाळ कुटुंब त्या महिन्यात आमच्या माळावर मेंढरे घेऊन उतरले होते, त्यांतल्या या मुली. लुगडी जाडीभरडी, तोंडावर हसू नाही, गाणे नाही. त्यांनी हात धरले आणि त्या फिरू लागल्या. काही वेळाने त्या दोघी आहेत हे दिसेनासे झाले. थांबल्या तेव्हा राखेत एकच वर्तुळ उमटले होते, जात्याच्या पाळीसारखे नेमके. आमचा ठसा मी आधीच पाहिला होता. आमची वर्तुळे सुटलेल्या दोऱ्याच्या वेटोळ्यांसारखी एकापुढे एक सरकत गेली होती.

मोठ्या बाईंनी आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पहिले ठरवले. आमचे काष्टे नीट होते, आम्ही हसत होतो, आम्ही गाणे म्हटले होते. काका उठले. स्वतःच्या पुतणीविरुद्ध आणि माझ्याविरुद्ध त्यांनी जी तक्रार मांडली, तिच्यात आवाज चढला नव्हता, फक्त हातातली सुतळी त्यांनी ठशावर ताणून धरली होती. "दोन मतं तुमची, मान्य. पर ठसा बघा. आमच्या पोरींचा मध्य दीड हात सरकलाय. तुमचा माझ्यावर भरवसा नसंल, तर हिला इचारा. ही सायन्स शिकलीया. पोरी, ठसा वाच."

मोठ्या बाई म्हणाल्या, "चालेल. ती सांगेल ते आम्ही मानू."

सगळा मंडप माझ्याकडे पाहत होता. मेंढपाळाच्या मुली खांबाशी उभ्या होत्या. त्यांतली धाकटी तळपायाची राख दुसऱ्या पायाच्या पोटरीला पुसत होती. गाभाऱ्यासमोर समई तेवत होती आणि तिची ज्योत सुईसारखी सरळ उभी होती. निरीक्षण करण्याचे शिक्षण मला मिळाले होते, त्यामुळे हे माझ्या नजरेतून सुटले नाही. मी म्हणाले, "काका, राख वाऱ्याने हललेली दिसते. या ठशावर भरवसा ठेवता येणार नाही."

"वारं?"

"हो."

ते राखेकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "तू म्हंतीस म्हंजे असंल. मग मी चुकलो." त्यांनी सुतळी गुंडाळून खिशात ठेवली. हे वाक्य त्यांच्या तोंडून गावाने प्रथमच ऐकले. बक्षिसाचा पितळी करंडा शेवंताने मला देऊन टाकला. सांगलीला मी त्यात प्रयोगाच्या तराजूची बारीक वजने ठेवू लागले.

दिवाळीच्या सुट्टीत मी परत गेले, तेव्हा गाव आनंदात होते. हवालदार सुधारले, असे जो तो सांगत होता. कुस्तीच्या फडात ते आता घोंगडीवर बसून राहत आणि कोणी डिवचले, तर म्हणत, "आसंल. वारं आसंल." कोर्टात जाणे थांबले होते. जेवताना ते पानावरून उठत नसत. आत्याला मात्र हे बरे वाटत नव्हते. चुलीपाशी ती मला हलक्या आवाजात म्हणाली, "भांडत न्हाईत गं. तीन महिने हुत आलं, कुणासंगं म्हून भांडलं न्हाईत. माणूस असं गप बसतंय व्हय? अर्धी भाकरी तशीच ऱ्हाती ताटात."

संध्याकाळी मी सोप्यात त्यांच्याजवळ बसले. अर्जाचा विषय मीच काढला. या खेपेला खरोखर लिहून देईन म्हणाले. त्यांनी मान हलवली.

"नगं. मी इचार केला. तळ्यावरबी त्या दिवशी वारं आसंल. बर्फाचा भुगा उडून रेघंत बसला आसंल. पंचाला तसंच दिसलं आसंल. मी उगा त्या माणसाला इतकी वर्सं बोल लावला."

आणि ते माझ्याकडे पाहून समजूतदारपणे हसले. आयुष्यभर उभा असलेला माणूस माझ्या एका शब्दाने खाली बसला होता, आणि ते बसणे मला पाहवेना.

"काका, वारा नव्हता."

"कुठं?"

"देवळात. समईची ज्योत हलत नव्हती. ठसा बरोबर होता. त्या दोघी पहिल्या होत्या. मला ठाऊक होते."

त्यांच्या पायाचा अंगठा जमिनीवर हळूहळू गोल फिरू लागला. मग त्यांनी विचारले, "मग तुजा नंबर कितवा?"

"दुसरा," मी म्हणाले. मान खाली होती, पण आवाजात थोडा अभिमान उरला असावा.

"दुसरा न्हाई. तिसरा. शाळंच्या त्या बुटक्या पोरींचा मध्य एकच हात सरकलेला. माज्याकडं सुतळीला गाठी मारून ठेवल्यात." आणि ते उठले. एकदम, गुडघ्यावर हात न टेकता. "मग तळ्यावर तरी कुठनं आलं वारं? एक पान हलत न्हवतं. कागद आण. लिही."

मी लिहिले. त्यांनी सोप्याला चौदा फेऱ्या मारून मजकूर सांगितला; मी त्याचे इंग्रजी केले आणि पाकिटावर देशाचे नाव, त्याखाली त्यांनी सांगितलेला पत्ता जसाच्या तसा घातला. मला त्यांनी एका शब्दाने रागे भरले नाही. फक्त करंडा मागितला; तो मी सांगलीहून पाठवून दिला. पुढच्या सुट्टीत शेवंताने त्याची हकीकत सांगितली. काका माणदेशात चार दिवस पायी हिंडले, तेव्हा कुठे ते कुटुंब सापडले. दोघी बहिणींची लग्ने होऊन त्या दोन वेगळ्या गावी गेल्या होत्या. काकांनी एकीला डबी दिली, दुसरीला झाकण, आणि दोन्हीकडे सासूला समोर बसवून नंबर सांगितला.

आता माझी वजने कागदाच्या पुडीत असतात. वडिलांच्या अटीप्रमाणे मी अजून पहिली येते. मात्र निकाल लागला, की टाळ्या संपेपर्यंत मला बसवत नाही, माझी नजर दिव्याच्या ज्योतीवर जाते. पत्राचे उत्तर आलेले नाही. आत्या लिहिते, की भावजी रोज टपालाच्या वेळी रस्त्यावर असतात आणि पोस्टमनशी भांडतात. जेवण उत्तम आहे. ती निळ्या झग्यातली मुलगी आता बाई झाली असेल, कदाचित ते बूटही तिने कोणाला देऊन टाकले असतील. सातारा जिल्ह्यातल्या एका सोप्यात फेरतपासणी होऊन तिचा नंबर पहिला लागला आहे, हे तिला अजून कोणी कळवलेले नाही.