ठेका उशिरा पोचतो

सणसरच्या कौसल्याबाई एकोणपन्नासाव्या वर्षी तबला शिकायला लागल्या. मंगळवार आणि शुक्रवारी जेवणं उरकून त्या एसटीनं बारामतीला जायच्या. क्लासात बाकी सगळी शाळकरी पोरं. पहिले तीन महिने सरांनी नुसतं ‘धा धिं धिं धा’ घोटून घेतलं. बोटं ठणकायची, पण त्यांनी एकही दिवस चुकवला नाही.

माहेर निरवांगीचं. वडलांनी धाकट्या भावाला, मानसिंगला, पेटी शिकवली. पोरीनं तबल्याला हात लावलेला त्यांना चालत नसे, म्हणून कौसल्या गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरायची. तिचा हात चुकला की मानसिंग तोच सूर लांबवत बसायचा, ती समेवर येईपर्यंत. अठराव्या वर्षी तिचं लग्न झालं. पुढं मानसिंग कर्नाटकातल्या एका साखर कारखान्यात लागला आणि तिकडंच राहिला. वर्षातून एखादा फोन व्हायचा.

केरवा ताल हातात बसल्यावर कौसल्याबाईंनी सुनेला, स्वरालीला, व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. मानसिंगनं पेटी पुढ्यात घेतली. दोघांनी सुरुवात केली आणि दुसऱ्याच आवर्तनात सगळं विस्कटलं. तो म्हणाला, “आक्का, तुझा ठेका माझ्याकडं उशिरा पोचतोय.” इकडून तिलाही त्याची पेटीच मागं पडल्यासारखी वाटत होती. चारदा खटपट केली. मग दोघंही हसली आणि फोन ठेवला.

त्यानं पेटी रेकॉर्ड करून पाठवली. त्यावर कौसल्याबाई रोज सकाळी वाजवायच्या. पण हात चुकला तरी फोनमधली पेटी पुढंच निघून जायची. एकदा त्या स्वरालीला म्हणाल्या, “वाजवतोय त्योच, पर थांबत न्हाय.”

गेल्या मे महिन्यात मानसिंग एका लग्नासाठी आला आणि दुपारी तासाभरासाठी सणसरला डोकावला. स्वरालीनं देवळातली पेटी आणून ठेवली होती. बहीण-भावानं वीसेक मिनिटं वाजवलं. त्याचीच बोटं दोनदा अडकली. तिनं ठेका चालू ठेवला. बाहेर गाडीवाला हॉर्न देत होता. चहा अर्धा टाकून मानसिंग गेला.

त्यानंतर कौसल्याबाईंचं रेकॉर्डिंगवर मन लागेना. सरांनी क्लासातली एक मुलगी पेटीला बसवली. मुलगी चांगली वाजवायची. तरी घरी परतताना बाई खिडकीबाहेरच बघत बसायच्या. शेवटी एके दिवशी त्यांनी मालकांना, दादासाहेबांना, सांगितलं, “त्याच्या कारखान्याचं गळीत सुरू व्हायच्या आत मला मानसिंगकडं जायचंय. आठ दिवस.”

दादासाहेबांनी विचारलं, “अन् ते तबलं?”

“मांडीवर घेऊन बसंन.”

भाद्रपद सरता सरता, पहाटेच्या गाडीनं त्या निघाल्या.